मेडस्कूलची यादी कशी करावी? (न्यू जर्सी, जीपीए ३.७१, एमकॅट ५१२)

मधुरा_एडिसन

नमस्कार. मुलगी येत्या मे-जूनमध्ये अमेरिकेतल्या मेडस्कूलसाठी (पदवीनंतरच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी) अर्ज करणार आहे. यादीवरून घरात एकमत होत नाही, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते.

आम्ही एडिसनला राहतो, ग्रीनकार्ड सगळ्यांचे झाले आहे. तिचे कॉलेजही न्यू जर्सीतच. जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी) ३.७१, सायन्सचा ३.६२. एमकॅट (मेडस्कूलची प्रवेशपरीक्षा) ५१२: केम-फिज १२९, कार्स (उतारे वाचून उत्तरे) १२५, बायो १२९, सायक-सोश १२९. स्क्राइबचे (डॉक्टरांसाठी रुग्णाच्या नोंदी लिहिण्याचे) ३५० तास, हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियरिंग १५० तास, शॅडोइंग (डॉक्टरांसोबत राहून काम पाहणे) ४० तास, लॅबमध्ये ६०० तास (पेपर नाही, एक पोस्टर आहे). वैद्यकाबाहेरची समाजसेवा ६० तास.

सध्याची यादी: हार्वर्ड, हॉपकिन्स, पेन, कोलंबिया, येल, ड्यूक, स्टॅनफर्ड, एनवायू, वॉशयू, व्हँडरबिल्ट, यूसीएसएफ, यूसीएलए, आइनस्टाइन. मग रटगर्सची दोन्ही. आणि 'सेफ्टी' (हमखास प्रवेशाची) म्हणून युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन, यूसी डेव्हिस, युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपी, ईस्ट कॅरोलायना (ब्रोडी). यजमानांचे म्हणणे, आणखी दहा वरची स्कूल्स टाकू, एक तरी लागेल. यादी संतुलित आहे का? किती स्कूल्स असावीत? ऑस्टिओपॅथिक (डीओ, डॉक्टरकीची एमडीला समांतर पदवी) टाकावे का?

---

आकडेमोड

मधुराताई, मुलीची फाइल चांगली आहे, यादी मात्र नव्याने करावी लागेल. सध्या तिच्यात वर तेरा फार अवघड स्कूल्स आहेत, खाली चार अशी आहेत जिथे न्यू जर्सीच्या मुलीला जवळपास दारच नाही, आणि मधली जागा रिकामी आहे. प्रवेश मिळायची खरी शक्यता त्या मधल्या जागेतच असते.

आधी 'सेफ्टी' हा शब्द बाजूला ठेवा. अंडरग्रॅडच्या अर्जात तो चालतो, मेडस्कूलला नाही. दर वर्षी एमडीसाठी अर्ज करणाऱ्या १०० जणांपैकी साधारण ४० ते ४५ जणांनाच कुठे तरी प्रवेश मिळतो. एएएमसीच्या (अमेरिकेतल्या मेडस्कूल्सच्या संघटनेच्या) जीपीए-एमकॅटच्या तक्त्यात ३.६०–३.७९ आणि ५१०–५१३ ही चौकट पाहा. तिथेही निम्म्याहून थोड्याच जास्त जणांचे काम होते. बाकीच्यांचे गुण तेच असतात. बहुतेकदा त्यांची यादी चुकलेली असते, अर्ज उशिरा गेलेला असतो किंवा अनुभवाचे पारडे हलके असते.

आता कामाचा क्रम.

पहिले काम म्हणजे जीपीए एएमकॅसच्या (एमडी स्कूल्सच्या सामायिक अर्जाच्या) नियमाने पुन्हा काढणे. कॉलेजच्या पोर्टलवरचा आकडा आणि एएमकॅसचा आकडा एकच असेल असे धरू नका. हायस्कूलमध्ये असताना ड्युअल एनरोलमेंटमध्ये घेतलेले कम्युनिटी कॉलेजचे विषयही त्यात धरतात. विषय पुन्हा दिला असेल तर दोन्ही ग्रेड मोजतात. ए-प्लसचे ४.० च होतात. सायन्स जीपीएमध्ये फक्त बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित येते. सायकॉलॉजी त्यात नाही. ३.६२ चा आकडा सायकॉलॉजी धरून काढला असेल तर तो बदलेल.

दुसरे, एमएसएआर या एएएमसीच्या डेटाबेसचे एक वर्षाचे सदस्यत्व घ्या. यूएस न्यूजची क्रमवारी यादी करण्यासाठी उपयोगाची नाही. एमएसएआरमध्ये प्रत्येक स्कूलमध्ये प्रवेश मिळालेल्यांच्या गुणांचा मध्य तर दिसतोच, शिवाय १०वे, २५वे, ७५वे आणि ९०वे पर्सेंटाइलही दिसते. ५१२ आणि ३.७१ हे दोन्ही आकडे प्रत्येक पट्टीवर ठेवून बघा. १०व्याच्या खाली गेला तर ते स्कूल काढा. १० ते २५ मध्ये आला तर ते 'रीच' (आवाक्याच्या जरा पलीकडचे). २५ ते ७५ मध्ये आला तर ते यादीचा कणा. एक आकडा कण्यात आणि दुसरा जरा खाली, असे असेल तर चालते. दोन्ही खाली असतील तर नुसते 'रीच' न मानता त्याहून अवघड माना. हल्ली प्रवेश मिळालेल्यांची देशभरातली सरासरीच ५१२ आणि ३.८ च्या जवळ गेली आहे. म्हणजे मुलगी मधोमध उभी आहे, आणि तुमच्या यादीतली वरची बरीच स्कूल्स ५२० च्या घरात आहेत.

एनवायूचे वेगळे सांगतो. २०१८ पासून तिथे ट्यूशन माफ आहे. आइनस्टाइनला २०२४ मध्ये रूथ गॉट्समन यांनी १०० कोटी डॉलर दिले आणि तिथेही ट्यूशन माफ झाली. फुकट म्हटल्यावर देशभरातले सर्वांत तगडे अर्जदार तिथे वळतात. ते तुम्हाला परवडते म्हणून तुमच्यासाठी सोपे होत नाही, उलट अवघड होते.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आणि लोक तेच टाळतात: राज्याबाहेरच्या अर्जदारांचे काय होते ते पाहणे. एमएसएआरमध्ये राज्यातले आणि बाहेरचे असे वेगवेगळे अर्ज, मुलाखती आणि प्रवेश दिलेले असतात. बाहेरच्यांच्या मुलाखतींना बाहेरच्यांच्या अर्जांनी भागा. समजा बाहेरून ४,००० अर्ज आणि ४० मुलाखती, म्हणजे शंभरात एक. तिथे सेकंडरीचे (स्कूलच्या स्वतःच्या दुसऱ्या अर्जाचे) पैसे घालू नका. समजा ६,००० अर्ज आणि ४८० मुलाखती, म्हणजे शंभरात आठ. ते स्कूल तुमचे. शंभरात दोनच्या खाली गेले आणि त्या राज्याशी तिचे काही नाते नसेल, तर मी ते काढतो.

या हिशेबात तुमच्या चारही 'सेफ्टी' गळतात. मिसिसिपी आणि ब्रोडी आपापल्या राज्याच्या रहिवाशांनाच घेतात, अर्ज वाचलाही जाणार नाही. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन ही 'वामी'ची शाळा आहे: वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, मोंटाना, आयडाहो. या पाच राज्यांबाहेरच्यांना फार थोडी जागा उरते. यूसी डेव्हिसचा भर कॅलिफोर्निया आणि तिथल्या डॉक्टर नसलेल्या भागांवर आहे. मध्य एमकॅट कमी दिसतो म्हणून लोक अशी स्कूल्स 'सोपी' समजून घालतात. तो मध्य कमी असतो कारण तिथे गुणांपेक्षा आपल्या राज्यातले आणि आपल्या ध्येयाचे उमेदवार हवे असतात.

टेक्सासचा विचार असेल तर लगेच सोडा. कायद्याने तिथल्या सरकारी स्कूल्समध्ये बाहेरच्यांना जास्तीत जास्त १० टक्के जागा आहेत, आणि अर्जही टीएमडीएसएएस या टेक्सासच्या अर्जव्यवस्थेवरून वेगळा करावा लागतो.

आणि न्यू जर्सीतली दोन एमडी स्कूल्स तुम्ही विसरलात! कॅमडेनचे कूपर आणि नटलीचे हॅकेनसॅक मेरिडियन. नवी आहेत म्हणून लोक बिचकतात, पण कूपर २०१२ पासून आणि हॅकेनसॅक २०१८ पासून विद्यार्थी घेते आहे आणि दोन्हींना पूर्ण मान्यता आहे. घरच्या चारही एमडी स्कूल्सना अर्ज केल्याशिवाय बाहेर पैसा घालू नये.

---

पारिजातक

आकडेमोड यांच्याशी सहमत. त्यात स्कूलचे ध्येय हा भाग जोडते. एमएसएआरच्या पट्टीत बसणे म्हणजे दार ठोठावायला मिळणे. दार उघडते फाइल वाचून.

इथे मुलीच्या फाइलमध्ये एक उघडी बाजू आहे आणि ती आत्ताच पाहून घ्या: समाजसेवेचे ६० तास. हॉस्पिटलमधले तास वेगळे. समाजसेवा म्हणजे आपल्यापेक्षा अडचणीत असलेल्या माणसांसोबत थेट काम: फूड पँट्री, बेघर निवारा, कैद्यांची शिकवणी, नवख्या स्थलांतरितांना इंग्रजी शिकवणे. मंडळाच्या कार्यक्रमात स्वयंसेवक होणे चांगलेच आहे, पण निवड समिती ते या खात्यात धरत नाही.

म्हणून जिथे सेवा हाच कणा आहे तिथे आत्ता अर्ज करण्यात हशील नाही. शिकागोचे रश, लोयोला, ओमाहाचे क्रेटन, जॉर्जटाउन. यांतली तीन जेझुइट परंपरेची आहेत आणि सेकंडरीत नेमके हेच विचारतात. ५१२ पट्टीत बसतो म्हणून लोक ही चारही घालतात आणि चारही ठिकाणचे नकार घेतात. पुढच्या आठवड्यापासून दर आठवड्याला चार-पाच तासांचे एकच काम धरले तर सेकंडरीपर्यंत त्यावर प्रामाणिकपणे लिहिता येईल. पण एकच काम. तीन ठिकाणी थोडे थोडे नको.

आणखी काही ठिकाणे ध्येयामुळे बाजूला पडतात. मोरहाउस, मेहॅरी, हॉवर्ड यांची स्थापना कृष्णवर्णीय समाजासाठी झाली आणि वंचित समाजांची सेवा हे काम ती आजही मनापासून करतात. त्या कामाचा पुरावा नसेल तर तिथे गर्दी करू नये. लोमा लिंडा सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट आहे, तिथे मद्य-तंबाखू वर्ज्य अशी जीवनशैली पाळावी लागते. यूसी रिव्हरसाइडला इनलँड सदर्न कॅलिफोर्नियात राहणारा डॉक्टर हवा आहे.

उलट तिचे बळ कुठे आहे? स्क्राइबचे ३५० तास. रुग्ण आणि डॉक्टर यांचे रोजचे बोलणे तिने ऐकले आहे. प्राथमिक आरोग्यसेवेवर भर देणारी स्कूल्स हे वाचतात. कनेटिकटचे क्विनिपियाक त्यांत येते. ६०० तासांचे संशोधन चांगले आहे, पण ड्यूक, पिट्सबर्ग किंवा क्लीव्हलँड क्लिनिकचे लर्नर कॉलेज अशा संशोधनवेड्या ठिकाणी पेपर असलेल्या मुलांच्या शेजारी ते साधारण दिसेल.

कार्स १२५ बद्दल. प्रवेश मिळालेल्यांची कार्सची सरासरी १२७ च्या आसपास असते. एमएसएआरमध्ये एकूण गुणांखाली विभागवार पट्ट्याही आहेत. प्रत्येक स्कूलची कार्सची पट्टी उघडा. १२५ जर १०व्या पर्सेंटाइलच्या खाली जात असेल तर ५१२ पट्टीत असूनही ते स्कूल 'रीच'मध्ये टाका. एवढ्यासाठी परीक्षा पुन्हा देऊ नका. ५१२ नंतर ५१० आले तर ते स्पष्टीकरणाचे निराळेच काम होऊन बसते. वाचन-लेखन चांगले आहे हे सेकंडरीतून दाखवता येते, आणि तिथे प्रत्येक वाक्य ती स्वतः लिहील हे बघा.

---

सह्यकडा

संख्येबद्दल. सरासरी अर्जदार साधारण १८ एमडी स्कूल्सना अर्ज करतो. या फाइलला २० ते २४ पुरे. ३५-४० केल्याने शक्यता वाढत नाही, कारण अडते ते सेकंडरीवर. प्राथमिक अर्ज एकच असतो, पण जूनच्या अखेरीस तो स्कूल्सकडे गेला की जुलैत सेकंडरींचा पूर येतो. एका स्कूलचे सरासरी तीन निबंध धरा. २४ स्कूल्स म्हणजे ७२ निबंध, आणि प्रत्येक सेकंडरी आल्यापासून दोन आठवड्यांत परत जायला हवी. प्रवेश रोलिंग पद्धतीने (अर्ज येतील तसतसे) होतात, मुलाखतींच्या जागा ऑगस्ट-सप्टेंबरपासून भरू लागतात. तिसाव्या स्कूलचा 'आमचेच स्कूल का' हा निबंध विसाव्याची नक्कल होते आणि वाचणाऱ्याला ती पहिल्या ओळीत कळते.

त्यामुळे मे संपायच्या आत चार विषयांवर मसुदे तयार ठेवा: वेगळेपण आणि पार्श्वभूमी, अडचणीचा प्रसंग, अपयशातून शिकणे, आणि पदवीनंतरच्या वर्षाचे नियोजन. प्रश्न दर वर्षी फारसे बदलत नाहीत. 'आमचेच स्कूल का' मात्र प्रत्येकाचा वेगळा: त्या स्कूलचे विद्यार्थ्यांनी चालवलेले मोफत क्लिनिक, अभ्यासक्रमाची रचना, ज्या हॉस्पिटलांत क्लिनिकल वर्षे होतात ती. हॅकेनसॅकमध्ये तीन वर्षांत पदवी घेऊन चौथे वर्ष आपल्या आवडीने वापरता येते. हे माहीत नसताना तिथे निबंध लिहिला तर तो पोकळ वाटतो.

खर्च: एएमकॅसला पहिल्या स्कूलचे पावणेदोनशे डॉलर, पुढे प्रत्येकी पन्नासच्या आतबाहेर. सेकंडरी बहुतेक ठिकाणी ७५ ते १५० डॉलर. २४ स्कूल्सचे मिळून साडेतीन ते चार हजार डॉलर होतात. उत्पन्न कमी असेल तर एएएमसीच्या फी सवलतीसाठी आधी अर्ज करा. सवलत मंजूर होण्यापूर्वी अर्ज पाठवला तर भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

आता डीओ. माझे स्पष्ट मत: टाका, पाच टाका. रेसिडेन्सीसाठी (पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणासाठी) २०२० पासून एमडी आणि डीओ यांची मान्यता एकच झाली आहे. मॅचमध्ये (रेसिडेन्सीच्या जागावाटपात) एमडीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी १०० पैकी ९३ च्या आसपास आणि डीओचे ९२ च्या आसपास लागतात. कॅरिबियनमधून शिकलेल्या अमेरिकी मुलांसह परदेशी स्कूलमधून आलेल्या अमेरिकी नागरिकांचे हेच प्रमाण ६७ च्या आसपास आहे. त्यामुळे 'डीओ नको, वेळ आली तर कॅरिबियन बघू' हा विचार घरात असेल तर तो आजच काढून टाका. काही अतिशय स्पर्धेच्या शाखा, न्यूरोसर्जरी किंवा डर्माटॉलॉजी, डीओला जास्त अवघड जातात आणि बरेच डीओ विद्यार्थी कॉम्लेक्स या डीओच्या परवाना परीक्षेबरोबर एमडीची यूएसएमएलईही देतात. हे माहीत असून निर्णय घ्या.

न्यू जर्सीकरांसाठी पहिले रोवन-व्हर्च्युआ, मग फिलाडेल्फियाचे पीकॉम, लाँग आयलंडचे एनवायआयटी, न्यूयॉर्कचे टूरो. डीओचा अर्ज एएकोमासवर वेगळा. तिथे 'डीओ का' हा प्रश्न खरा असतो. एखाद्या डीओ डॉक्टरकडे शॅडोइंग करून त्यांचे पत्र आत्ताच मिळवा, काही स्कूल्स ते मागतात. एक सापळा: डीओ स्कूल्स डिपॉझिट लवकर मागतात, रक्कम हजार ते काही हजार डॉलर आणि ती परत मिळत नाही. एमडीचे डिपॉझिट बहुधा शंभर डॉलर आणि ३० एप्रिलपर्यंत परत मिळते. एमडीच्या मुलाखतींची उत्तरे यायच्या आधीच डीओचे पैसे भरायची वेळ येते, ती रक्कम बाजूला काढून ठेवा.

---

मधुरा_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. तिघांचेही लिहिलेले मुलीला वाचायला दिले. दोन प्रश्न. आकडे बघून यादी आम्ही करून द्यावी की तिने? आणि अर्ली डिसिजन घेतले तर कूपर पक्के होईल का?

---

आकडेमोड

यादी तिनेच करावी. मुलाखतीत 'इथे अर्ज का केला' हे तिलाच विचारतील, आणि ज्याने स्वतः पट्ट्या उघडून पाहिल्या त्याचे उत्तर वेगळेच येते. तुम्ही दोघांनी खर्चाचा भाग घ्या, खाली लिहितो.

अर्ली डिसिजन नको. अंडरग्रॅडसारखे ते नसते. एकाच स्कूलला अर्ज करायचा, आणि १ ऑक्टोबरपर्यंत उत्तर येईतो दुसऱ्या कुठल्याही एमडी स्कूलला अर्ज करता येत नाही. नकार आला तर ऑक्टोबरमध्ये बाकीचे अर्ज सुरू होतात, तोवर मुलाखतींच्या बऱ्याच जागा गेलेल्या असतात. ज्यांचे आकडे त्या स्कूलच्या बरेच वर आहेत आणि ज्यांच्याशी स्कूलने आधीच बोलून होकाराचा कल दाखवला आहे, त्यांनीच ते करावे.

आता पैसे. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद झाले आहे. मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. खाजगी स्कूलचा राहण्याखाण्यासह खर्च वर्षाला ९०,००० ते एक लाखापर्यंत सहज जातो. म्हणजे दर वर्षी ४०,००० किंवा जास्त रक्कम घरातून किंवा खाजगी कर्जातून उभी करावी लागते, आणि खाजगी कर्जाला बहुधा पालकांची सही लागते. पूर्वी 'लागलं तर जाऊ, कर्ज मिळतंच' असे म्हणता येत होते. आता नाही. यादीतल्या प्रत्येक नावापुढे एकूण वार्षिक खर्च लिहा, एमएसएआरमध्ये तो आहे. युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयसारख्या सरकारी स्कूलचा बाहेरच्यांचा दर खाजगीइतका असू शकतो, 'सरकारी म्हणजे स्वस्त' धरू नका. उलट हॉपकिन्समध्ये २०२४ पासून तीन लाखांखालच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना ट्यूशन माफ आहे. एक 'रीच' म्हणून त्यामुळे ते ठेवण्यात अर्थ आहे, आशा मात्र बेताची.

---

अनघा_शिकागो

मधुराताई, तुमच्या धाग्यात मध्येच विचारते, क्षमस्व. आमचा मुलगा एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहे, इलिनॉयमध्ये लहानाचा मोठा झाला, ग्रीनकार्डची रांग मोठी. पुढच्या वर्षी अर्ज. तोही याच पद्धतीने यादी करू शकतो का?

---

पारिजातक

अनघाताई, नाही. तुमच्यासाठी पहिली गाळणी वेगळी आहे आणि गुण त्यानंतर येतात.

एच-४ वरच्या मुलाला बहुतेक मेडस्कूल्स आंतरराष्ट्रीय अर्जदार धरतात, मग तो इथल्या हायस्कूलमधून आलेला का असेना. दीडशेहून अधिक एमडी स्कूल्सपैकी साधारण एक तृतीयांशच असे अर्ज घेतात. एमएसएआरमध्ये 'आंतरराष्ट्रीय अर्ज स्वीकारतात का' हा वेगळा रकाना आहे, तिथून सुरू करा. हॉपकिन्स, येल, केस वेस्टर्न यांसारखी बरीच नावे खाजगी आणि अवघड आहेत, म्हणून या गटातल्या मुलाला गुणही वरचे लागतात. त्यांतली काही स्कूल्स एका वर्षाची किंवा चारही वर्षांची फी आधीच वेगळ्या खात्यात ठेवायला सांगतात. सरकारी कर्ज मिळत नाही.

फीसाठी राज्याचा रहिवासी असणे आणि प्रवेशासाठी पात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एच-४ ला राज्यातली फी लागू होत असेल, तरी प्रवेश कार्यालयाचा नियम 'नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकच' असा असू शकतो. म्हणून प्रत्येक स्कूलला मुलाने ईमेल करून तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: एच-४ वरचा अर्ज वाचता का, ग्रीनकार्ड नेमके कधी हातात हवे (अर्ज करताना, मुलाखतीला की वर्ग सुरू होताना), आणि आय-४८५ (ग्रीनकार्डचा अंतिम अर्ज) प्रलंबित असेल तर काय. उत्तरे जपून ठेवा. शिवाय २१ वर्षांनंतर एच-४ संपतो, तेव्हा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर जाण्याचे वेळापत्रक वकिलाला विचारूनच यादीला हात घाला. डीओ स्कूल्सनाही हेच प्रश्न विचारा, तिथेही प्रत्येकाचे धोरण निराळे आहे.

'नाहीतर महाराष्ट्रात एमबीबीएस' हाही विचार अनेक घरांत असतो, म्हणून सांगते. त्यासाठी 'नीट' ही भारतातली प्रवेशपरीक्षा द्यावीच लागते. मूल ओसीआय (परदेशी नागरिक असलेले भारतीय वंशाचे कार्डधारक) असेल आणि कार्ड ४ मार्च २०२१ नंतरचे असेल तर एनआरआय जागांपुरतीच पात्रता राहते. परत येताना ईसीएफएमजी (परदेशी वैद्यकीय पदव्या तपासणारी अमेरिकी संस्था) आणि यूएसएमएलईचा रस्ता असतो, आणि रेसिडेन्सीत परदेशी पदवीधर म्हणून उभे राहावे लागते. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२३ मध्ये डब्ल्यूएफएमईची (वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक महासंघाची) मान्यता मिळाल्याने ईसीएफएमजीची तशा मान्यतेची अट तूर्त अडत नाही.

---

सह्यकडा

मधुराताई, आता मुलीसाठी सुरुवातीचा आराखडा. नावे तिने एमएसएआरच्या ताज्या पट्ट्यांवर तपासून घ्यावीत.

घरची: रटगर्स न्यू जर्सी मेडिकल (न्यूअर्क), रॉबर्ट वूड जॉन्सन, कूपर, हॅकेनसॅक मेरिडियन.

कणा: ड्रेक्सेल, टेंपल, जेफरसन, पेन स्टेट, न्यूयॉर्क मेडिकल कॉलेज, ऑल्बनी, क्विनिपियाक, व्हर्माँट, रिचमंडचे व्हीसीयू, नॉरफोकचे ईव्हीएमएस, रोझलिंड फ्रँकलिन, मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिन, वेक फॉरेस्ट. यांत व्हर्माँट आणि व्हीसीयू सरकारी असूनही बाहेरच्यांना बऱ्यापैकी घेतात. ड्रेक्सेल, जॉर्ज वॉशिंग्टन, बॉस्टन युनिव्हर्सिटी अशा ठिकाणी अर्ज दहा हजारांच्या वर जातात, त्यामुळे पट्टीत बसूनही उत्तर येत नाही. असली दोन-तीनच ठेवा, सगळी यादी त्यांचीच करू नका.

रीच: रोचेस्टर, स्टोनी ब्रुक, आइनस्टाइन, हॉपकिन्स. हार्वर्ड-स्टॅनफर्डवर जीव असेल तर एक ठेवा, पण त्यासाठी कण्यातले एकही कमी करायचे नाही.

वर चार डीओ सांगितली आहेत, पाचवे कॅन्सस सिटीचे केसीयू पाहा. एमडी २१-२२ आणि डीओ ५ होतात.

गाइसिंगरबद्दल कोणी सांगितले असेल: पदवीनंतर त्यांच्याच संस्थेत काम करण्याच्या बदल्यात ट्यूशन माफीची योजना तिथे आहे. ईशान्य पेन्सिल्व्हेनियाच्या छोट्या गावांत राहायची मनापासून तयारी असेल तरच घाला.

पाठवण्याची पद्धत: एएमकॅस मेच्या सुरुवातीला भरायला खुला होतो आणि मेच्या अखेरीस पाठवता येतो. त्याच आठवड्यात पाठवा. तपासणीला गर्दीत चार ते सहा आठवडे लागतात आणि ट्रान्सक्रिप्ट पोचल्याशिवाय रांगेत नंबरच लागत नाही, म्हणून ट्रान्सक्रिप्टची मागणी पहिल्याच दिवशी. यादीवर घरात अजून चर्चा चालू असेल तर अर्ज अडवू नका: फक्त रटगर्सचे एक नाव घालून पाठवा, तपासणी चालू राहील, बाकीची नावे जूनमध्ये जोडा. जोडता येतात, काढून पैसे मात्र परत मिळत नाहीत.

कॅस्पर किंवा प्रीव्ह्यू (प्रसंग देऊन वागणूक पाहणारी ऑनलाइन परीक्षा) कुठे लागते ते नावापुढे आत्ताच लिहा. ही परीक्षा द्यायची राहिली तर सेकंडरी भरूनही फाइल 'अपूर्ण' म्हणून पडून राहते, आणि बहुतेक वेळा कोणी कळवत नाही. जूनमधली तारीख घ्या.